ग्रुप कुणाचा, फलक कुणाचा?

प्रश्न : आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी असून शासनमान्य 'ब' वर्गातले आहे. सभासद सुमारे 600. टाळेबंदीच्या काळात आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात आज 230 जण आहेत. सकाळी सुप्रभात, दुपारी औषधी नुस्खे, रात्री राजकारण असा त्याचा दिनक्रम झाला असून गेल्या वर्षी दिवाळी अंक योजनेची सूचना त्यातच वाहून गेली. फेसबुकवरचे पान ज्या मुलाने उघडले तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. तरुण कार्यकर्ते म्हणतात इन्स्टाग्राम सुरू करू, अध्यक्ष म्हणतात हे सगळेच बंद करा. काय करावे?
— कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : तरुणांचे आणि अध्यक्षांचे, दोघांचेही म्हणणे तूर्त बाजूला ठेवून आधी मालकीचा प्रश्न मिटवा. वाचनालयातले कपाट, पंखा, अगदी वरच्या फळीसाठीची शिडीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. संस्थेचा ग्रुप ज्या क्रमांकावरून चालतो तो क्रमांक मात्र कुणाच्या तरी खिशात फिरत असतो. पुण्याला गेलेल्या त्या मुलाकडे पासवर्ड मागू नका. फेसबुकचे पान कुणातरी व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यातूनच चालते, त्यामुळे तो पासवर्ड त्याचा खाजगी आहे आणि तो मागणे गैर आहे. पानाचे पूर्ण नियंत्रण दोन पदाधिकाऱ्यांच्या खात्यांना जोडून द्यावे, एवढीच त्याला विनंती करा. घरी बसून पाच-दहा मिनिटांत होणारे काम आहे. ते झाले की कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेत एक ठराव करून कोणते खाते, कोणत्या क्रमांकावर, कोणाच्या ताब्यात, हे इतिवृत्तात लिहून ठेवा. निवडणुकीनंतर नवे मंडळ किल्ल्या ताब्यात घेते, तेव्हा ही खातीही त्याच यादीत असली पाहिजेत.

क्रमांकाबाबत एक सोय फारशी कुणी वापरत नाही. वाचनालयाचा जुना लँडलाइन फोन अजून चालू असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेस त्याच क्रमांकावर नोंदवता येते. खात्री करून घेण्याचा आकडा फोन वाजून ऐकवला जातो. एखादा साधा स्मार्टफोन देवघेवीच्या टेबलाच्या खणात ठेवावा आणि तो कुणीही घरी नेऊ नये. सभासदांना पाठ असलेल्या क्रमांकावरूनच त्यांना निरोप येऊ लागतो, हा आणखी एक फायदा.

आता ग्रुपविषयी. सूचनाफलक आणि कट्टा या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि आपण दोन्ही एकाच भिंतीवर मांडल्या आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, म्हणजे आपले सगळे सभासद एका ग्रुपात बसतील. तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करून त्याला 'सूचना' असे सरळ नाव द्या. गप्पांसाठी 'वाचनकट्टा' निराळा ठेवा आणि त्यात ज्याची इच्छा असेल त्यालाच घ्या. ब्रॉडकास्ट यादीचा मोह टाळा, कारण ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला नसेल त्याला तो निरोप पोहोचतच नाही, आणि पोहोचला नाही हे आपल्याला कळतही नाही.

सूचनांच्या ग्रुपवर आठवड्याला दोनच संदेश टाका, पण ते वाचावेसे वाटले पाहिजेत. 'नवीन पुस्तके आली आहेत, सभासदांनी लाभ घ्यावा' हे वाक्य मीही कार्यवाह असताना शेकडो वेळा लिहिले आहे आणि ते वाचून कुणी जिना चढून आल्याचे मला आठवत नाही. त्याऐवजी पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तारीखपट्टीचा फोटो टाकून पाहा. एका पट्टीवर 1980च्या दशकात महिन्याला दोन-दोन शिक्के पडलेले दिसतात, मग ते विरळ होत जातात आणि शेवटचा शिक्का 2004चा असतो. असा फोटो, खाली पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक आणि 'हे पुस्तक वीस वर्षे कपाटात आहे, कोण नेणार?' एवढा एकच प्रश्न. काही पट्ट्यांवर सभासद क्रमांकही लिहिलेले असतात. फोटो काढण्याआधी ते झाकून घ्या.

दिवाळी अंकांचे तर वेळापत्रकच आखावे लागते. पहिला गठ्ठा टेबलावर सुटला की त्याच दिवशी फोटो, योजनेची वर्गणी, नोंदणीची शेवटची तारीख आणि पैसे कोणाकडे भरायचे, हे सारे एकाच संदेशात यावे. तो संदेश ग्रुपच्या माथ्यावर 30 दिवसांपर्यंत टाचून ठेवता येतो. आणि हाच मजकूर जिन्याजवळच्या लाकडी फलकावर खडूने लिहा, कारण आपले 370 सभासद ग्रुपात नाहीतच आणि त्यांतले बरेच जण नियमित येणारे, वयस्क वाचक असतील, असा माझा कयास आहे.

एका गोष्टीला मात्र पहिल्या दिवसापासून मज्जाव करा. कट्ट्यावर कुणीतरी अख्ख्या दिवाळी अंकाची पीडीएफ टाकतो आणि त्याखाली आभारांची रांग लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे ही सरळसरळ चोरी ठरते, आणि ज्या वाचनालयाने वर्गणी घेऊन तोच अंक विकत आणला आहे त्याच्याच नावाच्या ग्रुपात ती व्हावी, यात विनोदही आहे.

अध्यक्षांची भीती बहुधा वेगळी असावी : कुणी भलतेसलते लिहिले तर ते आपल्यावर शेकेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असा निर्वाळा दिला आहे की, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून त्याला फौजदारी दृष्ट्या जबाबदार धरता येत नाही. तो अध्यक्षांना वाचून दाखवा. तरीही कट्ट्याचे चार नियम लिहून ठेवणे आणि मोडणाऱ्याला बाहेर काढणे हे आपलेच काम आहे.

इन्स्टाग्राम बालविभागासाठी काढावे, तेही एखादी व्यक्ती वर्षभर ते सांभाळणार असेल तरच.

प्रश्न : माझी आई 82 वर्षांची असून एका वाचनालयाची जुनी सभासद आहे. आजारपणात तिची पाच महिन्यांची वर्गणी थकली. वाचनालयाने ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकली, त्यात तिचे नाव, रक्कम आणि फोन क्रमांकही होता. तिने ते मनाला लावून घेतले आहे. यात संस्थेचे चुकले नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चुकले, आणि 'इतर संस्थाही असेच करतात' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आपल्या आईंनी क्रमांक दिला तो सभासदत्वाच्या कामासाठी. वैयक्तिक माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हेच तत्त्व 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या मुळाशी आहे. पण इथे कायद्यापेक्षा साधी रीतभात पुरेशी होती. वर्गणीची आठवण एकेकाला फोन करून द्यायची असते. त्यातूनच कळले असते की बाई आजारी आहेत, आणि मग कुणीतरी दोन पुस्तके घरी नेऊन दिली असती. कार्यवाहांना लेखी पत्र देऊन यादी काढून टाकण्याची आणि दिलगिरीची मागणी करा, पत्राची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर तोच विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्याचा अधिकार सभासद या नात्याने आपल्या आईंना आहे.

प्रश्न : सर्वसाधारण सभेची सूचना केवळ व्हॉट्सॲपवर दिली तर चालते का? निळ्या खुणा हा पुरावा नव्हे का?
— सहकार्यवाह, क्रीडा मंडळ, कोल्हापूर

उत्तर : निळ्या खुणांविषयी आपण जे ऐकले आहे ते खरे आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात, सूचना पोहोचली आणि उघडली गेली हे त्या खुणांवरून ग्राह्य धरले होते. परंतु मंडळाची सभा मंडळाच्या घटनेप्रमाणे बोलवावी लागते. घटनेत टपाल, फलक किंवा वर्तमानपत्र लिहिले असेल, तर ते केल्यावाचून घेतलेल्या सभेवर कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत दाखल करायला जाल तेव्हा तीच हरकत आडवी येईल. यंदा सूचना दोन्ही मार्गांनी पाठवा आणि त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घटनादुरुस्तीचा विषय घ्या.