सहकारी शिक्षक ऑनलाइन रमीत कर्जबाजारी झालेत आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार राहा म्हणतात. राहावं का? आणि त्यांना यातून बाहेर कसं काढावं?

राहू नका.

दुसरा प्रश्न मोठा आहे, त्याच्याकडे येतो. पण आधी माझं ऐकून घ्या, कारण तुम्ही लिहिलेलं 'फक्त एक सही मागताहेत, माणूस वाईट नाही' हे वाक्य मी याआधी ऐकलेलं आहे, तेही भर शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या (आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, चहाचा कप हातात असताना.

यवतमाळ जिल्ह्यात आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. एक मी आणि एक ती सही मागणारे सर. ते प्रभारी मुख्याध्यापक. त्यांचं फळ्यावरचं अक्षर असं की भेटीला आलेले विस्तार अधिकारी फोटो काढून न्यायचे. पोरांना पाढे गाण्यासारखे म्हणायला लावायचे, शेतातून येणारी आईसुद्धा दारात थांबून ऐकायची. लॉकडाऊनमध्ये पोरांना व्हिडिओ पाठवायचे म्हणून त्यांनी मोठा फोन घेतला आणि त्याच फोनवर रमी आली. सुरुवातीला जिंकायचे. तेव्हा मलाही स्क्रीन दाखवायचे, 'पाहा सर, एका तासात दोन हजार.' हरायला लागले तसं दाखवणं बंद झालं.

मला कळलं ते खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून. 'सर, भाजीपाल्याचे पैसे नाही भेटले जी अजून. दुकानदार आता तेल देत नाही मले.' अनुदान तर जमा झालेलं होतं. मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. रात्री दोनला ऑनलाइन, सकाळी डोळे लाल. पोरांना 'पान उघडा आणि वाचा' सांगून स्वतः मागच्या भिंतीला. पोषण आहाराच्या मालाची गाडी आणणाऱ्याकडून पाचशे रुपये उसने. तुमच्या सरांचं यातलं काही दिसत असेल तर शाळेचा सादिल (किरकोळ खर्चाचं अनुदान) आणि आहाराचं खातं आधी तपासा, कारण संयुक्त खात्यावर तुमची सही असेल तर चौकशीत तुम्हीही आलात.

मग एक दिवस ते फॉर्म घेऊन आले. कारण पोरीच्या ॲडमिशनचं. मी म्हटलं, 'शालार्थची पगाराची स्लिप दाखवा, आणि आजवरचं सगळं कर्ज एका कागदावर मांडा. वहिनींना बोलवा. तिघं बसू, मग सहीचं पाहू.' स्लिप त्यांनी दाखवली नाही. वहिनींचं नाव काढल्याबरोबर फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या एका इमारतीत आम्ही दोघं हजेरीपत्रकापुरतं बोलत होतो.

केंद्रात बातमी पोचायला काय वेळ लागतो? पुढच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एक ज्येष्ठ गुरुजी सगळ्यांदेखत मला म्हणाले, 'काय जात होतं तुह्यं एका सहीनं? सोबतचा माणूस बुडून राह्यला अन् तू हिशोब मांगून राह्यला!' कोणी काही बोललं नाही. दोघातिघांनी मान हलवली, ती माझ्या बाजूनं नव्हती. गुरुजींनी स्वतः सही केली, आणखी एका तरुण शिक्षकाला करायला लावली.

आता 'एका सहीनं' काय जातं ते ऐका. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. संस्थेनं आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि तो सापडला नाही तरच तुमच्याकडे यावं, असा काही क्रम नाही. त्यात आपण पगारदार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 खाली संस्थेची वसुली थेट पगारातून कापण्याची सोय आहे, आणि कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवता येतो, त्यासाठी दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. 'ओळखीपुरती सही' अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही.

कर्ज मंजूर झालं. सरांनी खरंच मोबाईल ॲपवाल्यांची दोन-तीन कर्जं फेडली. फेडल्याबरोबर त्याच ॲपवाल्यांनी वाढीव मर्यादेचे मेसेज पाठवले आणि पोळ्याच्या आत सगळं परत रमीत गेलं. हप्ते तटले. गुरुजींच्या आणि त्या पोराच्या पगारातून कपात सुरू झाली. त्या पोराचं नुकतंच लग्न झालं होतं. आणि गुरुजींचं म्हणणं काय, तर 'तू तेव्हाच समजावलं असतं तं हे झालं नसतं!'

समजावून हे सुटत नाही. डी.एड.ला आपण सगळ्यांनी मानसशास्त्रज्ञ स्किनरचं कबुतर पाठ केलं आहे. दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोटापुरतं टोचतं. कधी मिळतो, कधी नाही, कितव्यांदा मिळेल ते ठाऊक नाही, असं केलं की टोचतच राहतं, आणि दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाही. बदलत्या गुणोत्तराचं प्रबलन. पाच मार्कांची टीप लिहून आपण मोकळे झालो, पण स्किनरनं स्वतः याचं उदाहरण म्हणून जुगारीच दिला होता. रमीत आणखी एक भर आहे, 'एका पानानं हुकलं.' हुकणं म्हणजे हरणंच, पण डोक्याला ते जिंकण्याच्या जवळ गेल्यासारखं वाटतं. मग गेलेलं भरून काढायला मोठा डाव. हातात आलेलं कर्ज हे त्या मोठ्या डावाचं भांडवल होतं, म्हणून कर्ज देऊन कर्ज फिटत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या नियमावलीत 2013 पासून जुगाराचा विकार दारू-गांजाच्या व्यसनांच्या प्रकरणातच घातला आहे. दारू पिणाऱ्याला 'एकदा पोटभर पिऊ द्या, मग सोडेल' असं आपण म्हणतो का?

तुमच्या सरांनी 'रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय' हे ऐकवलं असेलच. आमच्याही सरांनी ऐकवलं होतं. तो निकाल नोव्हेंबर 1967 चा, सिकंदराबादच्या एका क्लबचा. टेबलावर बसून, हातात पत्ते धरून सभासद खेळायचे तेव्हाचा. आणि त्याच निकालात असंही आहे की क्लब खेळातून नफा-कमिशन काढत असेल तर गोष्ट वेगळी. ॲप तर कमिशनवरच चालायचं. समजा सहा जणांनी शंभर-शंभर लावले आणि कंपनीनं साठ कापले. जिंकणाऱ्याला 540. कौशल्य कोणाचंही असो, प्रत्येक डावाला त्या सहा जणांच्या खिशातून मिळून साठ रुपये गेलेच. रात्रभरात किती डाव होतात ते तुम्हीच मोजा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणं गुन्हा. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे सरांना मुद्दाम सांगा, म्हणजे मदत मागायला घाबरणार नाहीत. मोठ्या ॲपांनी पैशांचे खेळ त्याच आठवड्यात बंद केले. पण तुम्ही लिहिलंय तसं ते आता टेलिग्रामवरच्या लिंकवर खेळतात, आणि आमच्या इथं कोणी पुन्हा आकड्यावर गेलं. मटका तर आपल्या कापसाच्याच पोटातून आलेला. न्यूयॉर्कहून तारेनं मुंबईत येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडा लावायचे, ते भाव यायचे थांबले तशी 1960 च्या दशकात चिठ्ठ्या आणि पत्ते काढायला सुरुवात झाली. 'ओपन-क्लोज' तेवढं राहिलं. कायद्यानं दुकान बंद होतं, गिऱ्हाईक तसंच उभं असतं.

आता जे मी केलं आणि ज्याचा मला अभिमान आहे ते सांगतो. परिषदेत गणिताचा तास घ्यायची माझी पाळी आली. विषय संभाव्यता. एरवी आपल्या परिषदेत काय होतं तुम्हाला माहीत आहे. वरून आलेला पीपीटी सुलभक वाचून दाखवतो, मागच्या रांगेत पगारबिलाची चर्चा चालते, शेवटी फोटो काढून लिंक भरायची. मी पीपीटी लावला नाही. गणित पेटीतले फासे आणि घरून आणलेली चिंचोक्यांची पिशवी. दोघांदोघांच्या जोड्या, एक बँक, एक खेळणारा. आकडा सांगायचा, एक चिंचोका लावायचा, तो बँकेचाच झाला, आकडा पडला तर बँक पाच देणार. साठ वेळा फासा टाका आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत करा.

पहिल्या दहा मिनिटांत वर्गात यात्रेइतका गलका. 'थोडक्यात गेला राजेहो!' अरे, फाशात थोडक्यात काय असतं? चार मागितला आणि तीन पडला म्हणजे तेवढाच गेला जेवढा एक पडल्यावर जातो. तरी सगळे म्हणत होते, गणितवालेसुद्धा. दोन-तीन जोड्यांत बँक हरली. मग सगळ्यांची बेरीज फळ्यावर मांडली आणि बँक भरपूर पुढे निघाली. जिंकलेले लोक बेरीज बघायला तयारच नव्हते, त्यांना आणखी एक फेरी हवी होती. आणि ज्या गुरुजींनी मला माणुसकी शिकवली होती, त्यांचे चिंचोके संपल्यावर त्यांनी शेजारच्या बाईंकडून मूठभर उसने घेतले. बाईंनी दिलेही. मी फळ्यावर तेवढंच लिहिलं: 'उसने: एक मूठ.' हसले सगळे. गुरुजी हसले नाहीत.

त्यानंतर जे बोलणं झालं तसं आमच्या केंद्रात कधी झालं नव्हतं. एका बाईंनी नवऱ्याच्या आयपीएलच्या सट्ट्याचं सांगितलं. एकानं विचारलं, सातवीतली पोरं मोबाईलवर क्रिकेटची टीम लावतात, त्यांना काय सांगू? तिथंच तिघांनी मिळून सातवीसाठी पाठ आखला आणि पुढच्या महिन्यात कोणाच्या वर्गात काय झालं ते सांगायचं ठरलं. शिक्षकांचं प्रशिक्षण असंच व्हावं, एकमेकांच्या वह्या उघडून. बाकी सगळी सह्यांची यादी आहे. दुसऱ्या महिन्यात मात्र 'विषयाला धरून घ्या' असा निरोप आला आणि पुन्हा पीपीटी लागला.

तुमच्या सरांबद्दल थोडक्यात. हरून आलेल्या दिवशी बोलू नका, भांडण होईल. पगाराच्या आधीचे चार दिवस बरे. घरच्यांना अंधारात ठेवून काहीच करू नका. ते कबूल झाले तर पगार खात्याचं एटीएम आणि यूपीआय घरच्यांच्या हाती, फोन साधा, कर्ज देणारी सगळी ॲप डिलीट करण्याआधी प्रत्येकाचं येणं कागदावर उतरवून घ्या. टेलि-मानसचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ बसतात, तिथं सोबत जा. एकटे पाठवलं तर रस्त्यातूनच परत येतील. आणि आकडा घेणाऱ्याची उधारी असेल तर करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत, त्याच्या धमकीला घाबरून नवीन कर्ज काढू नका.

हे आधीच लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही, वकील नाही. संस्थेसंस्थेचे पोटनियम वेगळे असतात. आणि सर 'आता जगण्यात अर्थ नाही' अशा भाषेत बोलत असतील तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका, त्याच क्षणी 14416 किंवा 112 लावा. तेव्हा हिशोब मागायचा नाही.

आमच्या सरांची बदली झाली. वहिनींनी शेवटी स्वतःच नागपूरला उपचारासाठी नेलं, आता बरे आहेत म्हणतात, मधे एकदा घसरलेही होते. माझ्याशी बोलतात. गुरुजी बोलत नाहीत. अजूनही कुठं लग्नकार्यात विषय निघाला की 'तो हिशोबवाला मास्तर' म्हणतात. म्हणोत. पण 'समजावलं असतं तं' या वाक्याचं उत्तर त्यांना द्यायचंच आहे. कागदावर सगळं कर्ज मांडा, हे मी म्हटलं होतं ना? तेच समजावणं होतं. गुरुजी, तुमच्या सहीमुळे त्या कागदाची गरज संपली आणि त्या नव्या लग्नाच्या पोराचा पगार दोन वर्षं अर्धा आला.

पतसंस्थेच्या आमसभेत मी ठराव मांडला होता की कर्जदाराच्या नावावरच्या एकूण कर्जाचा उतारा जामीनदाराला सही करण्याआधी दिलाच पाहिजे, आणि त्यावर त्याची पोच घ्यावी. 'सभासदाची बदनामी होईल' म्हणून हाणून पाडला. यंदा परत मांडतो आहे. तुमच्या संस्थेतही मांडा, आणि मसुदा हवा असेल तर खाली लिहा, देतो.