जन्माचं वजन आणि आजचं हृदय

प्रश्न : माझं वय ३८. दिवस पूर्ण भरूनही जन्माच्या वेळी वजन जेमतेम १ किलो ९०० ग्रॅम होतं. अशांना हृदयविकार लवकर होतो असं वाचलं. ‘पेशींचं खरं वय’ सांगणारी टेलोमेअर तपासणी करून घ्यावी का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : त्या तपासणीवर पैसे घालवू नका. जन्माच्या वजनाचा आकडा हाताशी आहे, हेच खूप. बहुतेक घरांत ‘मुठीएवढा होता’ यापलीकडे नोंद नसते.

वाचलंत ते खरं आहे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरच्या जुन्या जन्मनोंदींवरून डेव्हिड बार्कर या ब्रिटिश डॉक्टर-संशोधकांनी १९८९मध्ये हा संबंध दाखवला. पोटात पोषण कमी पडलं की बाळ मेंदूला आधी पुरवतं आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. तिथल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, जन्मानंतर नव्याने तयार होत नाहीत. कमी गाळण्यांवर भार वाढतो आणि पुढे रक्तदाब चढतो.

पेशी विभागताना गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमेअर, झिजतात. कमी वजनाने जन्मून नंतर झपाट्याने वाढलेल्या उंदरांच्या महाधमनीत ही झीज जास्त दिसली आहे. पण माणसामाणसांत टेलोमेअरची लांबी मुळातच इतकी वेगळी असते की एका रिपोर्टवरून तुमचा धोका ठरत नाही, औषधही बदलत नाही.

त्यापेक्षा उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व रक्तातली चरबी) या तपासण्या करा. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोट मोजा. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. आपल्याकडे वजनकाटा फसवतो, हातपाय काटकुळे आणि चरबी पोटावर.

रक्तदाब घरीच सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. लोकलचा पूल चढून आल्या आल्या नको. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. यंत्राचा पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत हवा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. केसपेपरवर जन्माचं वजन आवर्जून लिहायला सांगा. मोठ्या माणसाला ते सहसा कुणी विचारत नाही.