अमेरिकी सरकारी खात्याचा सीआयओ नेमकं करतो काय?

आधी एक गोंधळ दूर करतो. सीआयओ म्हणजे 'चीफ इन्फर्मेशन ऑफिसर'. त्याचं मराठी 'मुख्य माहिती अधिकारी' असं केलं की डोळ्यासमोर माहिती अधिकाराचे अर्ज घेणारा जनमाहिती अधिकारी येतो. तो हा नव्हे. तुम्ही विचारलंय ते अमेरिकेच्या केंद्र सरकारातल्या खात्याच्या सीआयओबद्दल: त्याची कामं कोणती, आणि तो म्हणजे 'कॉम्प्युटर विभागाचा मोठा साहेब' एवढंच का. वॉशिंग्टनमधल्या अशाच एका खात्याच्या सीआयओ ऑफिसात मी सात वर्षं कंत्राटी म्हणून काढली. खात्याचं नाव सांगत नाही, पुढे का ते कळेलच.

मोठा साहेब, हो. पण त्याला कॉम्प्युटरला हात लावताना मी कधी पाहिलं नाही. त्याचं काम सही करणं, आणि त्याहून जास्त, सही न करणं. हे पद समजून घ्यायचं तर एवढंच बघायचं: कुठल्या कागदावर त्याची सही लागते आणि कुठला कागद त्याला वळसा घालून जातो.

१९६५च्या ब्रुक्स कायद्यापासून सरकारी कॉम्प्युटर खरेदीच्या किल्ल्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या एकाच संस्थेकडे होत्या. मशीन हातात पडेपर्यंत ते जुनं झालेलं असायचं. १९९४ मध्ये सिनेटर विल्यम कोहेन यांनी या कारभारात अब्जावधी डॉलर वाया जात असल्याचा अहवाल काढला, आणि १९९६ मध्ये क्लिंगर-कोहेन कायदा आला. खात्यांनी आपली खरेदी आपण करावी, पण प्रत्येकाने एक सीआयओ नेमावा आणि तो थेट खातेप्रमुखाच्या हाताखाली असावा, असं ठरलं. मेख अशी की कायद्याने त्याला मुख्यतः सल्ला द्यायला सांगितलं. पैसा राहिला खालच्या ब्यूरोंच्या, म्हणजे खात्याच्या उपविभागांच्या हातात. ज्याच्याकडे तिजोरी त्याने सल्ला ऐकावाच असं कुठे असतं? म्हणून २०१४च्या अखेरीस 'फितारा' नावाचा कायदा करावा लागला. त्यानुसार २४ मोठ्या खात्यांत (संरक्षण खात्याला काही सवलती आहेत) आयटीचं बजेट सीआयओच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही, आयटीची कंत्राटंही त्याच्या नजरेखालून जावी लागतात, आणि ब्यूरोंचे सीआयओ नेमताना त्याची संमती लागते. संसदेच्या समितीने याचं प्रगतिपुस्तकही काढायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१५च्या पहिल्या प्रगतिपुस्तकात एकाही खात्याला 'ए' मिळाला नव्हता.

आता हे कागदावरचं प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. तिथलं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि न वापरलेला बराचसा पैसा परत जातो. त्यामुळे सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे आपल्या मार्च एंडची सख्खी बहीण. आमच्या एका ब्यूरोने अशाच एका सप्टेंबरात एक क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं. मागणीपत्रावर आयटीचा रकाना रिकामा, आणि खर्चाच्या शीर्षात लिहिलं होतं 'प्रशिक्षण'. सोबत दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं ना! हा कागद आमच्याकडे आलाच नाही. डिसेंबरात त्या सॉफ्टवेअरला लॉगिन जोडून द्या म्हणून हेल्पडेस्कवर तिकीट आलं तेव्हा आम्हाला पत्ता लागला. तोवर नागरिकांचे पत्ते आणि जन्मतारखा त्यात भरून झाल्या होत्या. कुणी खाल्लं-बिल्लं नव्हतं, घाई होती आणि सीआयओकडे गेलं की तीन महिने जातात ही भीती होती. भीती अगदीच खोटी नव्हती. पण उद्या ती माहिती फुटली असती तर संसदेपुढे उभा कोण राहिला असता? ज्याने ते सॉफ्टवेअर पाहिलंही नव्हतं, तो.

हे नुसतं मनातलं भय नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंटमधून (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा कारभार पाहणारी संस्था) सुमारे २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी-तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यातल्या ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेही गेले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही. त्या संस्थेच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे तिच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, २०१४ मध्येच सांगितलं होतं की काही सिस्टिम वैध परवान्याविना चालू आहेत आणि त्या बंद करण्याचा विचार करा. नंतर संचालकांनी राजीनामा दिला, आणि पुढच्या फेब्रुवारीत सीआयओंनीही.

हा परवाना म्हणजे 'ऑथोरिटी टू ऑपरेट'. ऑफिसात सगळे 'एटीओ' म्हणतात. फिस्मा या सुरक्षाविषयक कायद्यामुळे सरकारची कुठलीही सिस्टिम कुणीतरी जबाबदार अधिकाऱ्याने धोका तपासून, तो स्वीकारून सही केल्याशिवाय चालू ठेवता येत नाही. आमच्याकडे मोठ्या सिस्टिमसाठी ती सही सीआयओची. फाइलमध्ये निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ठरवून दिलेले शेकडो नियम, त्यातले कुठले पाळले, कुठले नाहीत, आणि न पाळलेले कधी पाळणार याची तारीखवार यादी. एकदा अशीच फाइल घेऊन आम्ही बसलो होतो. लाभार्थ्यांना पैसे पाठवणारी सिस्टिम, तिचा एक सर्व्हर इतका जुना की त्याला कंपनीने अपडेट देणं बंद केलेलं. सुरक्षावाल्याने सांगितलं, सही करू नका. ती योजना चालवणारा माणूस म्हणाला, सही नाही केली तर सोमवारी पैसे निघणार नाहीत. सीआयओने पेन टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हा सर्व्हर नेटवर्कच्या बाकी भागापासून तोडून ठेवायला किती दिवस?" उत्तर आलं, तीन आठवडे. त्याने नव्वद दिवसांचा एटीओ दिला, अट घालून. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येणार नाही. पण या पदाचा पगार त्या पाच मिनिटांसाठी असतो असं मला वाटतं.

आता एक काम असं, जे सीआयओच्या नावाशी कुणीच जोडत नाही: सरकारी फॉर्म. पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्टप्रमाणे केंद्रीय खात्याला बाहेरच्या दहा किंवा अधिक लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर व्हाइट हाऊसच्या बजेट कार्यालयाची मंजुरी लागते. आधी ६० दिवस लोकांच्या हरकती मागवायच्या, मग ३० दिवस पुन्हा. मंजुरीचा नंबर फॉर्मच्या कोपऱ्यात छापायचा, आणि तो जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. नंबर नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून नागरिकाला दंड करता येत नाही. फॉर्म भरायला सरासरी किती मिनिटं लागतात तेही छापावं लागतं. ती मिनिटं कुठून आणायची? आम्ही स्टॉपवॉच लावून नऊ जणांकडून फॉर्म भरून घेतला. नऊच, कारण दहाव्याला विचारलं की त्याच चाचणीला मंजुरी लागली असती! हे सगळं सीआयओच्या टेबलावरून जातं. कंटाळवाणं आहे, पण एखादा अनावश्यक रकाना खोडला तर लाखो लोकांची दोन-दोन मिनिटं वाचतात. मला हे काम सगळ्यांत आवडायचं.

बाकीचं भराभर सांगतो. वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्या नव्या सिस्टिमचा गोपनीयतेवरचा परिणाम तपासणं, अपंगांना वेबसाइट वापरता येते का ते पाहणं, घेतलेल्या सॉफ्टवेअर लायसन्सची मोजदाद (यासाठी २०१६ मध्ये वेगळा कायदा झाला), आणि जुन्या यंत्रणा जगवणं. शेवटचं सगळ्यांत महाग. २०१५ साली केंद्र सरकारचा आयटीवरचा खर्च ८० अब्ज डॉलरच्या वर होता आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश आहे तेच चालू ठेवण्यात जात होता. नव्यासाठी पैसे कुठून काढायचे हा प्रश्न प्रत्येक सीआयओला पडतो आणि बहुतेकांना उत्तर सापडायच्या आत त्यांची बदली होते किंवा ते सोडून जातात.

तुम्ही शेवटी विचारलंय की या पदासाठी इंजिनिअरच लागतो का. मी तिथे तीन सीआयओ पाहिले. पहिला सैन्यातल्या रसद विभागातून आलेला, दुसरा बँकेतला, तिसऱ्या बाई बजेट अधिकारी होत्या. कोड तिघांपैकी एकालाच वाचता यायचा, आणि तो सर्वांत लवकर गेला. त्या बाईंनी पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावून एकच गोष्ट विचारली: आपल्याकडे एकूण सिस्टिम किती? सुरक्षा विभागाने एक आकडा सांगितला, बजेट विभागाने दुसरा, नेटवर्कवाल्यांनी तिसरा. बाईंनी तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि जुळेपर्यंत पुसू नका म्हणाल्या. मी नोकरी सोडली तेव्हा त्यातले दोन जुळले होते.