‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ पात्रांच्या गर्दीमुळे फसेल का?
केवळ पात्रांच्या संख्येमुळे मार्व्हलचा हा सुपरहिरोपट फसेल असे वाटत नाही. खरी धास्ती खलनायकाच्या मांडणीची आहे. मार्च 2025 मध्ये खुर्च्यांच्या पाठीवरची नावे एकेक करून दाखवत 27 कलाकार जाहीर झाले आणि चाहत्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हे स्वाभाविकच होते. परंतु या चित्रपटाचे दिग्दर्शक असलेल्या रूसो बंधूंनीच 2018 च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये नायकांना लहान गटांत विभागून वेगवेगळ्या ठिकाणी धाडले आणि खलनायक थॅनॉसला कथेचा कणा केले, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला मोजके प्रसंग येऊनही कथा विस्कळीत झाली नाही. मात्र थॅनॉसची चाहूल 2012 पासूनच लागलेली होती, तर ‘डूम्सडे’चा खलनायक डॉक्टर डूम ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’मधील श्रेयनामावलीदरम्यानच्या दृश्यात, तोही चेहरा न दाखवता, जेमतेम डोकावून गेला. शिवाय ही भूमिका याआधी मार्व्हलचाच नायक आयर्न मॅन साकारलेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरकडे असल्याने त्याला नवी ओळख मिळवून देण्यासाठी पडद्यावरचा बराच वेळ खर्ची पडेल. अर्थात, पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयान मॅकेलन यांच्यासारखी ‘एक्स-मेन’ चित्रपटमालिकेतली मंडळी केवळ टाळ्या वसूल करण्यापुरती आणली असतील, तर गर्दीबद्दलची तक्रारही रास्त ठरेल.