दक्षिणेत भाजप चालत नाही म्हणतात, मग कर्नाटकातच कसा चालतो?

मी बेळगावचा, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवरही रंगतो. मुळात दक्षिणेचा कौल एकगठ्ठा कधीच नसतो. 2024 च्या लोकसभेला भाजपला कर्नाटकात 28 पैकी 17 जागा मिळाल्या, तेलंगणात 17 पैकी 8, केरळात फक्त त्रिशूर आणि तमिळनाडूत भोपळा.

माझ्या मते खरी मेख एवढीच, की काँग्रेसवर रुसलेल्या मतदाराला जायला दुसरं घर कोणतं होतं? तमिळनाडूत ते 1967 पासून द्रमुकने बांधलेलं, केरळात डाव्यांचं त्याहून जुनं. कर्नाटकात ते जनता परिवाराचं, म्हणजे जनता पक्ष आणि त्यातून निघालेल्या जनता दलासारख्या पक्षांचं होतं, पण त्या परिवाराच्याच चिरफळ्या उडाल्या आणि जागा रिकामी झाली.

रुसवा कुठून आला तेही ऐका. 1989 मध्ये वीरेंद्र पाटलांनी काँग्रेसला 224 पैकी 178 जागा जिंकून दिल्या. पाटील लिंगायत, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या मोठ्या समाजाचे. पुढच्याच वर्षी ते आजारी असताना राजीव गांधींनी बेंगळुरूच्या विमानतळावरून त्यांना मुख्यमंत्रिपदावरून हटवत असल्याचं जाहीर केलं. उत्तर कर्नाटकातल्या लिंगायतांना ते फार झोंबलं. 1994 ला काँग्रेस 34 वर आली. ही मतं आधी जनता दलाकडे आणि मग भाजपचे लिंगायत नेते येडियुरप्पा यांच्यामागोमाग भाजपकडे गेली. 2008 ला भाजपचं सरकार आलं. 2012 च्या अखेरीस येडियुरप्पांनी वेगळी चूल मांडली, तर 2013 ला भाजप 40 वर! म्हणजे मत पक्षाचं किती आणि माणसाचं किती, तुम्हीच ठरवा. जुन्या म्हैसूर भागात वोक्कलिग समाज आणि देवेगौडा असल्याने तिथलं गणितच निराळं.

शिवाय इथला मतदार दिल्ली आणि बेंगळुरूचा हिशेब वेगळा ठेवतो. 1984 च्या डिसेंबरात लोकसभेला काँग्रेसला 24 जागा दिल्या. जनता पक्षाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंनी लगेच विधानसभा बरखास्त केली आणि मार्च 1985 मध्ये त्याच मतदारांनी जनता पक्षाला 139 आमदार दिले. 2023 ला काँग्रेसचे 135 आमदार आणि वर्षभरात भाजपचे 17 खासदार, हा त्यातलाच प्रकार.

आम्हा सीमाभागातल्या मराठी घरांतही विधानसभेला समिती (महाराष्ट्रात जाण्याची मागणी करणारी महाराष्ट्र एकीकरण समिती) आणि लोकसभेला भाजप असं बरीच वर्षं चाललं. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत मात्र समितीच्या उमेदवाराने लाखावर मतं घेतली आणि भाजप जेमतेम पाच हजारांनी वाचला. तरी 2023 च्या विधानसभेला समितीचा एकही आमदार नाही.