बर्लिनच्या राइशटागवरचा (जर्मन संसदेच्या इमारतीवरचा) काचेचा घुमट मूळचा आहे का? बघायला तिकीट लागतं का?

घुमट नवा आहे, १९९९ चा, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांचा. तिकीट नाही, पण नावनोंदणी आधी करावी लागते. खालची इमारत १८९४ ची. तिचा जुना घुमट १९३३ ची आग आणि महायुद्धात खिळखिळा झाला आणि १९५४ मध्ये सुरुंग लावून पाडला. नव्या घुमटातला ३६० आरशांचा शंकू नुसता शोभेचा नाही. तो खालच्या सभागृहात उजेड सोडतो आणि तिथली गरम हवा त्याच्यातूनच वर निघून जाते. नोंदणी संसदेच्या संकेतस्थळावर, प्रत्येकाच्या जन्मतारखेसह. जाताना मूळ पासपोर्ट हवा. साफसफाईसाठी घुमट अधूनमधून बंद असतो, तेव्हा फक्त गच्ची मिळते. महायुद्धाच्या शेवटी ही इमारत काबीज केलेल्या सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर खरडलेली नावं बघायची असतील तर मार्गदर्शकासोबतची फेरी निवडा.