सकाळची हवा ताजी, मग खोकला का?

प्रश्न : आम्ही चेंबूरला सतराव्या मजल्यावर राहतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खाली बघितलं तर करडा पट्टा पसरलेला असतो, समोरची बिल्डिंग अर्धीच दिसते. आणि दुपारी एवढं ट्रॅफिक असून आकाश बऱ्यापैकी मोकळं! असं उलटं कसं? सासऱ्यांना दमा आहे, तरी सहाचा वॉक सोडत नाहीत, म्हणतात सकाळची हवा शुद्ध असते.

उत्तर : सासऱ्यांचं म्हणणं पावसाळ्यात चालून जाईल, थंडीत नाही. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, सरासरी किलोमीटरमागे साडेसहा अंश, त्यामुळे खालची तापलेली हवा धूर घेऊन वर चढते. पण थंडीत रात्र निरभ्र असली आणि वारा पडला की जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवा गार पडते आणि वरची त्यापेक्षा उबदार राहते, म्हणजे सगळा उलटा कारभार. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. गार हवा जड, ती जागची हलत नाही, झालं, पातेल्यावर झाकण बसलं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कोणी जाळलेला कचरा, सगळं खालच्या काही शे मीटरमध्ये कोंडतं. उन्हाने जमीन तापली की हेच सगळं किलोमीटरभर उंच घुसळलं जातं आणि विरळ होतं. धूर कमी होतो असं नाही हं.

त्यात आपले शाळेतले खारे-मतलई वारे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, तोही मंद, आणि समुद्रावरून येऊन हवा मोकळी करणारा खारा वारा थंडीत दुपारपर्यंत यायचं नाव घेत नाही.

जवळ लाकडाची भट्टी असलेली बेकरी असेल तर सकाळी तिच्या धुराड्याकडे बघा. धूर जरासा वर जातो आणि तिथेच आडवा पसरत राहतो. तुमचा सतरावा मजला म्हणजे पन्नासेक मीटर, बहुतेक वेळा झाकणाच्या आतच, तेव्हा उंचावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि सरकारी एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, बघून ठरवत असाल तर तो 24 तासांच्या सरासरीवर काढतात, पहाटेचा भडका त्यात दबून जातो. तासातासाचा पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा आकडा, बघा.

वॉक दहाच्या पुढे किंवा दुपारी चार-साडेचारला करा, सूर्य मावळला की झाकण परत बसायला लागतं. सकाळी खिडक्या बंद, अकरानंतर उघडा. सहालाच जायचा हट्ट असेल तर नीट बसणारा एन-95 घाला म्हणावं, रुमाल काही कामाचा नाही, आणि इन्हेलरचं डॉक्टरांनाच विचारा.